एक्केचाळीस सेकंद

भोसरीत धूर निघाला. आगीचा पत्ता नव्हता,
तरी बंबवाल्यांनी वीज तोडली.
दोन सत्तेचाळीस. खराडी, नववा मजला,
पडद्यावर मुख्य क्लस्टर गप्प.
नागपूरचा जागा,
पण एक्केचाळीस सेकंद मागे.

आपणहून सूत्रं नागपूरकडे जाईनात.
दोघांची गाठ पडली तरच किल्ल्या द्यायच्या, अशी त्यांची रीत.
देणाराच बोलत नाही म्हटल्यावर
उरतो एकच हुकूम, ज्याच्या शेवटी
लिहावं लागतं: सक्तीने.

बेंगाळे साहेब फोनवर, मागे त्यांचा पंखा.
"किती जाईल?"
एक्केचाळीस सेकंद.
"म्हणजे किती?"
साहेब, ते उघडून बघता आलं असतं
तर गेलंच नसतं.

मांजरीचा एखादा फुलवाला, गुलटेकडीला निघण्याआधी
उधारी फेडून टाकणारा,
ससूनच्या दारात औषधाचे पैसे भरणारं कुणी,
की नुसतेच कुणाचे हप्ते,
की काहीच नाही.

इनामदार म्हणाला, आधी भोसरीला कुलूप घाल.
नाहीतर वीज येईल, तो उठेल,
आणि मालक मीच म्हणून वही लिहायला बसेल.
दोन वह्या, दोन्ही खऱ्या.
त्यापेक्षा एक खोटी परवडली.

घातलं कुलूप. हुकूम टाइप केला.
तो विचारतो, एकदाच:
माहिती गमावली जाऊ शकते. पुढे जायचं?
होय.
एंटरचा आवाज इतका लहान
की शेजारी टेबलावर डोकं टेकलेली पल्लवी हललीसुद्धा नाही.

तीन वाजून चार. नागपूरने पहिली नोंद घेतली:
हडपसर, एटीएम, पाचशे रुपये.
त्या माणसाला मी ओळखत नाही.
भेटला तर टाळी देईन.

साडेआठला भोसरी उठला.
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.
अजून त्याचे दोन सत्तेचाळीसच वाजलेत,
अजून मालक तोच.
वाचण्यापुरता उघडला, आणि त्याच्याकडे उरलेल्या
चौदा ओळी उतरवून घेतल्या,
वहीत, पेनने.

बारांचा माग लागला.
तेरावी इनामदारची: खालची टपरी,
दोन चहा, एक क्रीम रोल. तो हसला नाही.
चौदावी अर्धी. नाव आहे, रक्कम आहे,
कुणाला, ते लिहायच्या आत वीज गेली.

त्या नावाला फोन लावलाय.
वाजतोय.