धामण

वखारीत दस्तगीर म्हणाला, "चौकट का दिवाण?"
मी म्हणालो, धनुष्य.
तो हसला नाही. विडी विझवून कानावर ठेवली
आणि ढिगाच्या पार तळातून
साडेपाच फुटांचा एक फाळका ओढला,
कुणीतरी कावडीसाठी सांगून ठेवलेला, मग न नेलेला.
"धामण आहे. वाकते.
मोडायच्या आधी सांगते बी, बारीक आवाजात.
ऐकायचं तेवढं."

एकवीस वर्षं मी मागांवर जॉबर.
टॉवेलांचा खडखडाट कानांत इतका साचलाय
की उजव्यात आता नुसती शिट्टी,
डाव्यात राजमणी ओरडली तर राजमणी.

"धामण आणली घरात?" ती ओट्यावरून म्हणाली,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं.
"दूध कोण पाजणार तिला?"

पहिलं धनुष्य घाईत केलं.
एप्रिल होता. गल्लीतले पत्रे
दुपारचे आपोआप टिकटिकत असणार.
पेन्सिलीनं आखलं, वाकसानं तासलं,
एका गाठीवरून सरळ रंधा मारला
कारण रेघ तिथूनच जात होती.
दोरी चढवली. ओढली.
ते बोललं असेल. मी रेघेकडे बघत होतो.
अर्धा तुकडा पाण्याच्या पिंपावर आदळला
तेव्हा कुठं कळलं.

समोरचा नागनाथ: "काय करालायस बे मामा, सरपण?"

दस्तगीरनं दुसऱ्या फाळक्याचे निम्मेच घेतले.
त्याला मी महिना दिला.
टोकांना मेण फासून पलंगाखाली ठेवला,
उन्हाला पत्ता लागू दिला नाही.
मग पेन्सिल कुठं गेली ते शोधलंच नाही.
पाठीवर सालीखालचं एकच वलय पकडलं,
एका वर्षाचं, कुठंही न कापता,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
गाठ आली तिथं गाठीला वळसा,
तुटलेल्या ताण्याचं टोक चाचपत जावं तसा.
एके ठिकाणी बोटभर जागेत सात वर्षं दाटलेली.
ती कोणती, हे सोलापुरात कुणालाही विचारावं लागत नाही.

खरवडायचं फक्त पोटाकडून.
बाटलीच्या काचेनं. भुसा पडत नाही,
वळ्या पडतात, शेवेसारख्या.
भिंतीतल्या खुंटीवर मूठ, दोरी खाली कप्पीतून,
मागं कोळशाच्या रेघा:
दोन्ही पाती सारख्या उतरतात का.
डावी ताठर. उजवी नको तितकी नमती.
ताठर असेल तिचंच कमी करायचं,
नमतीला हात लावायचा नाही.
शेडमध्ये मी कायम उलटं बघितलं होतं.

राजमणी शेजारी विड्या वळत बसते,
कान लाकडाशी, बोटं आपली आपली चालू.
"थांबा."
मी दोरी सोडतो. "कुठं?"
ती हनुवटीनं दाखवते: मुठीपासून वीतभर वर.
काच. पाच वळ्या. पुन्हा.
दिवसाकाठी आठशे विड्या
आणि दहा-बारा "थांबा".
रात्रपाळीच्या वर्षांत एवढं आम्ही बोललो नसू.

दोरी दोन-वीसच्या सुताची, अठरा पदर,
मालकानं माग भंगारात तोलले त्या दिवशी
शेवटचा कोन मी पिशवीत टाकला होता, न विचारता.
वर करडईचं तेल, तीन हात.

रविवारी होटगी रोडपलीकडच्या रिकाम्या रानात गेलो.
खताच्या पोत्यात जुन्या चादरीच्या चिंध्या,
वीस पावलं मोजली, धसकटं टोचत होती.
बाण पोत्याच्या वरून गेला,
बांधापलीकडं कुठंतरी.
हाताला एक झटका, बास.
बाकी सगळं नेहमीसारखं मुकं.

"काय वाजलं?" मी विचारलं.
राजमणीनं पदरानं मान पुसली. विचार केला.
"सूप झटकल्यासारखं," ती म्हणाली.
"पण डावीकडं जरा करकरलं."

मी खिसे चाचपले.
काच घरीच राहिली होती.