पावणेसातचा भोंगा

मठात मी आठ महिने होते, एकोणिसाव्या वर्षी.
मग दादा गेले, आणि मदर म्हणाल्या,
घरी जा शलोमी, तुझी आई एकटी आहे.
मी कोपऱ्यावर वळेपर्यंत
त्या दारात उभ्या होत्या, कडीवर हात ठेवून.
नंतर कडी वाजली. एवढंच.

आता जेलरोडला राहते. दोन खोल्या,
वर टाकी, टाकीला गळती.
नळाला पाणी साडेचारला येतं, पाचला जातं,
म्हणून माझी पहिली प्रार्थना पिंप, दुसरी बादली.
ओठ हलत असतात. एलिया झोपेतून विचारतो,
कुणाशी बोलतेस?
पाण्याशी, म्हणते.
हे अगदीच खोटं नाही.

पावणेसातला प्रेसचा भोंगा.
मठात घंटा झाली की हातातलं अक्षर अर्धं सोडायचं,
काना द्यायलासुद्धा थांबायचं नाही.
इथे मी तव्यावरची भाकरी अर्धी सोडते
आणि ती करपते.
आज्ञापालनाला असा वास असतो
हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गेटवर पर्स ठेवायची, रुमाल झटकून दाखवायचा,
स्वतःचं एक नाणंही आत न्यायचं नाही.
मग आठ तास नोटांचे ताव बघायचे:
कुठे शाई फुटली, कुठे आकडा सरकला.
इतका पैसा पाहिलाय
की तो आता कांद्याच्या सालीसारखा दिसतो.
दारिद्र्याचं व्रत घेण्याआधीच मी परतले होते,
पण रोज दोनदा कुणीतरी माझे खिसे चाचपतं
आणि खात्री करून घेतं
की माझ्याकडे काही नाही.

मधेच डोळे का मिटतेस गं, कुसुम लोणारे विचारते.
शाईनं चुरचुरतात, मी सांगते.
दुपारी देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येतो.
प्रत्येक धडाक्याला मी एक नाव घेते,
आधी आपल्या माणसांचं, मग न आवडणाऱ्यांचं.
काही दिवशी तोफा इतक्या होतात
की नावं संपतात, आणि बिटको चौकात
हातगाडीवर बोरं विकणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या
त्या बाईपर्यंत पोचावं लागतं.

रात्री मात्र माझा मठ मोडतो.
नऊनंतर एक शब्द नाही, असं वहीत लिहिलं होतं.
नऊ वाजून दहा मिनिटांनी सासूबाई विचारतात,
दार लावलंस का?
लावलं.
दार लावलंस का?
लावलं, आई.
एका रात्री एकोणतीस वेळा. मोजायची नोकरीच आहे माझी.
तिसाव्याला मी ओरडले.
एलिया उठून बसला. टाकी ठिबकत राहिली.
आणि मार्थाबाई, ज्यांना माझं नाव आठवत नाही,
पदर सारखा करत म्हणाल्या,
चुकलं, सिस्टर.

सिस्टर.
बावीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.
त्यांना बहुधा दवाखाना वाटला असेल.
मी मोरीत जाऊन उगाच बादली विसळली.

वहीतली ती ओळ मी खोडली नाही.
प्रेसमध्ये बाद ताव कुणी टरकावत नाही,
त्यावर खूण करतात, नोंद ठेवतात.
तशी समासात फुली मारली, तारीख घातली.

आता नऊनंतर त्यांनी विचारलं की मी उठते,
त्यांना दिसेल अशी दाराशी उभी राहते
आणि कडी हलवून दाखवते. वाजते ती.
तोंडानं काही बोलत नाही.
चौदाव्या, पंधराव्या वेळी पाय दुखतात,
प्रभूचंही नाव आठवत नाही, फक्त थंड लोखंड हाताला.
एखाद्या रात्री तर उभ्या उभ्याच डुलकी लागते
आणि त्याच मला हाक मारतात,
अगं, जा झोप, लागलंय दार.

साडेचारला पाणी.