काचेमागचा तांबडा

पहिली तसबीर फिलसूमेननं आणली,
एक्याण्णव साल, बाजारचा दिवस.
मस्कतहून भाचीनं धाडलेला कागद,
पांढऱ्या झग्यातला येशू, छातीतून दोन झोत,
एक फिका, एक तांबडा.
खाली इंग्रजी ओळ. विचारलं, काय लिहिलंय?
"माका वाचूक येना नाय. पण काय ता म्हायत असा."

मी मेस्त्री. वेंगुर्ल्याच्या बाजारात फ्रेमांचं दुकान.
सातेरी, वेतोबा, कुणाचे वारलेले वडील
भिंतीला टेकून काचेची वाट बघतात.
त्यांच्यात हाही दोन दिवस उभा राहिला.
कुणी तक्रार केली नाही.

सागवान तिला परवडेना. फणसाची पट्टी घातली.
काचेवर मीच ब्रशनं मराठीत लिहिलं
ती सांगेल तसं:
येशू, तुझ्यावर माझा भरवसा.
'माझा'पाशी हात अडला.
कुणाचा माझा?
मग म्हटलं, रंगाऱ्याचं काय जातं.

तीनच्या सुमाराला, बर्फाच्या कारखान्यामागे
मासळी कापणाऱ्या बायका पाठ टेकतात.
ती उलट्या क्रेटवर बसून मणी ओढायची
खवलं चिकटलेल्या बोटांनी.
मग शेजारी पेद्रू सायकलवाल्याची आई.
मग चौघी.
मग विडी विझवून दोन बापये, जरा लांब.

प्रार्थना मला मोजता येत नाहीत, पट्ट्या येतात.
त्या वर्षी चार. पुढच्या वर्षी अकरा.
वादळाच्या वर्षी एकसष्ट.
छापखान्याच्या एका गठ्ठ्यात 'भरवसा'चा 'भरोवसा' झालेला,
तोही खपला.
शेवटी फादरांनी सहा फुटी मागवली,
टेम्पोला दोरखंडानं आवळून चॅपेलात नेली.
ईस्टरनंतरच्या रविवारी रेडीपासून माणसं आली,
आमच्या आळीतल्याही दोघीतिघी,
नवऱ्यांना न सांगता.

बास्त्याव तांडेल आला तो भर दुपारी,
खांद्यावर दोन फळ्या.
याच्याच होडीवर फिलसूमेनचा इनास गेला होता
बंदरावर तीन नंबरचा बावटा असताना.
होडी परत आली. बास्त्याव आला.
तेव्हापासून बावीस वर्षं
तिचं दार चुकवायला तो वळसा घालून बंदरावर जातो.
म्हणाला, "होडी मोडलंय. ह्या लाकडाची एक कर.
तिका पोचव. नाव सांगू नको."

मी पोचवली.
तिनं चौकट नाकाशी धरली.
कितीही रंधा मारा, माशाचं तेल लाकडातून जात नाही.
बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"रोज म्हणतंय, आमच्यार दया कर, सगळ्या जगार कर.
सगळ्या जगात तो येता काय रे?"
मी काय सांगणार. मी मेस्त्री.

आठ दिवस तसबीर ओट्यावर, तोंड भिंतीकडे.
नवव्या दिवशी तिनं माझ्याकडून खिळा नेला.
एकच.
त्या शुक्रवारी कारखान्यामागे
एक क्रेट जास्त मांडलेला होता.
बास्त्याव आला नाही.
पुढच्या शुक्रवारीही क्रेट होता.
त्याच्या पुढच्याही.

खाऱ्या हवेत तांबडा आधी उडतो,
देव कुठलाही असो.
लोक येतात, कागद बदलून नेतात.
फिलसूमेनच्या त्या पहिल्या तसबिरीत
आता दोन्ही झोत फिकेच.
म्हटलं, नवा घालून देतो, पैसे नकोत.
"रवांदे," म्हणाली.
"रगात व्हावान गेला. पाणी रवला."

काचेवरचं माझं अक्षर मात्र तसंच आहे,
ऑइल पेंटचं.
'माझा' तेवढा थोडा जाड,
हात अडला होता तिथे.