चाळीस ताटांचा हात

हॉटेल रुंदीकरणात गेलं. मोबदला मालकाला,
मला हा डाव, हातभर दांड्याचा.
घरच्या टोपात तो नीट फिरत नाही.

आज बुधवार, सुरमई आणली.
खोबरं भाजलं, काळं पडायच्या
एक श्वास आधी उतरवलं.
बेडगी, धणे पाट्यावर,
तिरफळं ठेचून बाजूला.
तिथं ही कामं चौघं करायची,
मी नुसता तवंग बघायचो
आणि ओरडायचो, दोन थाळी, एक सुकं!

मीठ टाकलं आणि हात दचकला.
त्याला चाळीस ताटांचं येतं,
दोघांचं शिकायचं राहूनच गेलं.

शालननं बोट चाटलं.
"आज कोणाचा लगीन आसा?"
मग नारळाचं दूध, पाणी, चार सोलं,
पुन्हा दूध, पुन्हा मोठा टोप.

संध्याकाळी उभादांड्यात
अकरा घरी कालवण गेलं.
अकरावं, भाड्यानं राहणाऱ्या मोजणीदाराकडे,
ज्यानं आमच्या भिंतीवर लाल खूण मारली होती.

वाटी धुऊन आणली त्यानं, आत गुळाचा खडा.
"ही चव," म्हणाला, "कुठंतरी खाल्लीय मी."

मी डाव घासत होतो.
घासतच राहिलो.