उघडत नाही ती

देवगड बंदराच्या वरच्या वळणावर
माझं दुकान. एक टेबल, एक भिंग.
द्रुपदा कुबल फोन पुढे सरकवते,
पडद्यावर चिकटलेलं एक खवलं.
"फोटो बघूक जातंय, आणि मिटता मेलो,
तिसऱ्येक बोट लावल्यासारखो."

कॅशे पुसली. अ‍ॅप काढून पुन्हा घातलं.
उघडलं, फिरलं, मिटलं.
जागा केली: बर्फाच्या पावत्या, तीच सुरमई चार वेळा,
भावोजींनी पाठवलेले सुप्रभात.
मिटलं.

मग केबल लावून एकेक फोटो बाहेर काढत गेलो,
दोन हजार तीनशे अकरा.
दीडच्या सुमाराला सापडला:
वर बोटभर आभाळ, डोलकाठीचं टोक,
खाली सगळं राखाडी.
अ‍ॅप इथवर यायचं आणि बुडायचं.

"एवढा एक खोडला की झालं," म्हटलं.
ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली.
"ह्यो मी काढलेलो. पयलोच.
बॅटरी तेवाच गेली."
खाली कोण होतं, विचारलं नाही मी.

शिजवल्यावर उघडत नाही ती तिसरी टाकून द्यायची,
हे तिला मी काय सांगणार.

खणात जुनं एक कार्ड होतं, चार जीबीचं.
त्यात तो एकटाच ठेवला.
तिने ते बटव्यात घातलं, चुन्याच्या डबीशेजारी.

आता उघडतं.
अंगठ्याने सरसर खाली नेलं तिने, वर आणलं,
"अक्षरां वायच मोठी कर," म्हणाली,
आणि कागदात गुंडाळलेले दोन बांगडे
माझ्या स्क्रूंच्या वाटीपाशी.