बुडीत गणित

आयर्विन पुलाला एकेचाळीस फूट झालं म्हणून भोंगा गेला
तेव्हा माझी भट्टी समुद्रात पडून चार तास झाले होते.

भट्टी म्हणजे काय, पडद्यावरचे आकडे.
एकसष्ट षट्कोनी कांड्या, त्यांतून हायड्रोजनची भोकं,
भोवती बेरिलियमचं जाड कडं,
कड्यात बारा ढोल. हे ढोल वाजत नाहीत,
नुसते कुशीवर वळतात,
वळतील तशी आग वाढते किंवा मरते.
कधीतरी, मी नसेन तेव्हा, हिच्या फुंकरीवर
कुणी मंगळाकडे निघेल.
पण उड्डाणच फसलं, आणि ही पाण्यात कोसळली तर?
एवढाच प्रश्न माझ्या वाट्याला आलाय,
हरिपूर रस्त्याच्या तळमजल्यावर,
करारावर, अहवालामागे पैसे.

पाणी न्यूट्रॉनला मवाळ करतं.
आणि दमलेला, संथ झालेला न्यूट्रॉनच
युरेनियमच्या तावडीत लवकर सापडतो.
विझवायला येतं तेच पेटवतं,
हे तस्नीम मुजावरला मिरजेला फोनवर सांगितलं
तर म्हणाली, अगदी आमचे चुलते.

एका पिढीत लाखभर. प्रत्येकासाठी फासे टाकायचे:
कुठे जन्मला, किती चालला, कशाला धडकला,
गिळला गेला, निसटला,
की फोडून मागे दोन-तीन ठेवून गेला.
मग पुढची पिढी मोजायची.
शंभरांच्या पोटी शंभर, तर आग जागी.
शंभरांच्या पोटी सत्त्याण्णव, तर वंश बुडाला.
मंगळवारी आले होते एकशे एक.
एकच जास्त.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग भोकाभोकांतून गॅडोलिनियमच्या तारा ओवल्या,
वर पोचल्यावर ओढून काढायच्या, टाके उसवावेत तशा,
आणि तिला पुन्हा बुडवली.

आप्पा हळदीच्या पेवात उतरायचा.
तोंड माणूस जाईल एवढं, खाली सगळा अंधार आणि वास.
पेव फोडलं की आधी दोरीला कंदील.
तळाशी जळत राहिला तर मागून माणूस.
विझला तर तोंड उघडं टाकून घरी यायचं.
खोट्या भट्टीचं खोटं बुडणं मोजून
काय मिळतं गं, असं कुणी विचारलं
की मी हे कंदिलाचं सांगते. पटतं लोकांना.
आमच्यात उलटं आहे, ते सांगायचं राहून जातं:
आमचा दिवा खाली गेल्यावर विझायला हवा.

कोयनेतून विसर्ग वाढवला.
पुलाला आता पंचेचाळीस.
मारुती चौकात पाणी आलं, दूधवाला सांगून गेला,
समोरचे वसगडे गाद्या गच्चीवर नेतायत.
तीनशेपैकी दोनशे ऐंशी पिढ्या झाल्या.
यंत्र टेबलावर, टेबल विटांवर,
इन्व्हर्टर खुर्चीवर, खुर्ची मी धरलेली.
माझ्या पाण्याची घनता एक,
तापमान तीनशे केल्विन, सगळीकडे सारखं.
त्यात गाळ नाही, चप्पल नाही,
वाहून आलेला कुणाचा पाट नाही.
बाहेरचं पाणी उंबऱ्याशी आलं
आणि आधी नुसतं ओलं दिसलं.

दोनशे ब्याण्णव.
माझ्या घोट्याला गार लागलं.
दोनशे नव्याण्णव.

शून्य पूर्णांक नऊशे एकोणसत्तर.
चुकीला जागा, दोन दशसहस्रांश.

"झालं का?" जिन्यावरून आप्पा.
"झालं. विझला."
तो थबकला.
"इझला? मग कुनी खाली उतरायचं न्हाई,"
म्हणाला,
आणि धोतर खोचून उतरलाच,
मॉनिटर उचलायला.