शुक्रवारची धार

शिशाच्या मडक्यात बसून ती
सोमवारी पहाटे विमानतळावरून येते.
आमच्या खात्यात सगळे तिला गाय म्हणतात.
माझी आई लालबागच्या दूध केंद्रावर
निळ्या झाकणांच्या बाटल्या मोजायची,
म्हणून मला तो शब्द जरा जास्तच जवळचा.

सकाळी सात. एका टोकाने मीठपाणी आत,
दुसऱ्या टोकाने कुपीत उतरते धार.
रंग नाही, वास नाही, साय धरत नाही,
आणि कुणी प्यायलं नाही तरी
सहा तासांत निम्मी होते.
शुक्रवारपर्यंत गाय आटत आलेली असते.
आज शुक्रवार.

यादीत दुसरे: विश्राम आंगणे, वय एकाहत्तर,
कमरेत दुखतं, दोन महिने.
शिरेत सुई गेली तेव्हा ते भिंतीवरची ट्यूबलाइट बघत होते.
"हिचा चोक गेलाय," म्हणाले.
तीन तास थांबा, पाणी प्या, भरपूर प्या,
लघवीला जाऊन या, मग हाक मारते.
पॅसेजमध्ये सफाईच्या मावशींना त्यांनी सांगून टाकलं,
परळच्या थिएटरात चाळीस वर्षं लाइट्स केले,
किती राजे, किती विधवा
माझ्या बोटावर उजळल्या.

टेबल अरुंद. हात पट्ट्याने अंगाशी बांधले.
कॅमेऱ्याचं एक डोकं वर, एक पाठीखाली,
नाकाला लागेल इतकं जवळ.
"स्पॉट कुठून मारणार?"
काका, हा उजेड टाकत नाही.
हा अंधारात बसलेला प्रेक्षक.
दिवा तुम्ही.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, "आमच्या हिला सांगायला हवं होतं हे."

त्याच्या तोंडावर शिशाची जाळी आहे, पोळ्यासारखी,
हजारो भोकं आणि नियम एक:
सरळ येईल तोच आत.
वाकडा आला तो शिशात मुरतो.
जाळीमागे पाटाएवढा स्फटिक,
किरण आदळला की त्यात निळसर ठिणगी
उठते न उठते.
फार हळवा. गारवा भरभर उतरला तरी तडकतो.
गेल्या मे महिन्यात एसी बंद पडला,
तेव्हा मी आणि भालेराव रात्रभर
टेबलफॅन घेऊन बसलो होतो त्याच्या उशाशी,
तापाने फणफणलेल्या पोराशी बसावं तसे.

पडद्यावर ठिपके साचत गेले.
कवटी. खांदे. बरगड्यांचे कंस,
मधे न लिहिलेलं वाक्य.
मणक्यावर मणका, आणि कमरेच्या चौथ्यापाशी
ठिपके दाटून आले.
तिथे हाड घाईघाईने काही बांधत होतं.
कशासाठी, ते मी सांगायचं नाही;
माझ्या हुद्द्यात ते बसत नाही.

"कुठे जास्त लागलाय?"
रिपोर्ट सोमवारी. डॉक्टर सांगतील.
"लाइटवाल्याला चेहरा वाचता येतो, बाळ.
आणि आत्ता पडद्याचा उजेड
तुझ्या चेहऱ्यावर आहे."

मी पट्टा सोडला.
आज नातवाला मांडीवर घेऊ नका, म्हटलं.
"एवढा प्रखर?" ते पहिल्यांदाच हसले.
"मग ब्लॅकआउट कधी?"
सहा तासांनी निम्मं,
आणखी सहांनी निम्म्याचं निम्मं.
"म्हणजे फेड-आउट."
सदऱ्याचं बटण एक घर चुकलं होतं.
सांगावं की नाही, या विचारात
ते जिना उतरून गेलेसुद्धा.

खिडकीतून दिसले: मोसंबीवाल्याशी घासाघीस,
मग शिवडीकडच्या बससाठी उभे,
भर दुपारी,
आणि रस्त्यावर कुणीही डोळ्यांवर हात धरला नाही.

मी चादर बदलली.
कुपीत उरलेलं मोजून पाहिलं:
थायरॉईडच्या दोघांना पुरेल,
लगेच दिलं तर.